ओढ आणि मेळ

(वसई येथील एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



पाचूबंदरच्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारून पाहावे, ‘आज चतुर्थी, भरती किती वाजता?’ तो मोबाइल काढत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही बघत नाही. तिथीची पाऊणपट करतो आणि सांगतो, तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर सहाला. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा आणि रात्री बारा. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे तोंडी गणित अर्धाएक तास इकडेतिकडे सोडला तर आजही कामाला येते. त्यामागचे कारण सरळ आहे. एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले बारा अंशांचे अंतर, आणि पृथ्वीला बारा अंश फिरायला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. कोळ्याने त्या अठ्ठेचाळीस मिनिटांना पाऊण तास म्हटले, इतकेच.

वसई-विरारचा पट्टा असा दोन वेळापत्रकांवर जगतो. किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथे चंद्राचे वेळापत्रक चालते. वाडीतल्या केळीला, फुलाला, भाजीला सूर्याचे. आणि ती फुले दादरला पोचवायची तर पहाटेच्या लोकलचे. एक दिवस चोवीस तासांचा, दुसरा चोवीस तास पन्नास मिनिटांचा. दोन्ही एकाच गावात, कधी कधी एकाच घरात.

आजचा विषय या वेळापत्रकांच्या पोटातला आहे. दोन लयी एकमेकींशी जुळल्या की विज्ञानात दोन शब्द वापरतात, एन्ट्रेनमेंट आणि सिंक्रोनायझेशन. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत एकच दृश्य दिसते : सगळे कसे एका ठेक्यात चालले आहे! आतली गोष्ट मात्र वेगळी असते. पहिल्या प्रकारात ज्याला स्वतःची लय आहे असा कोणी एक बाहेरच्या लयीकडे ओढला जातो. तो बदलतो, ओढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या प्रकारात दोघे एकमेकांना ओढतात, दोघेही थोडे थोडे सरकतात, आणि शेवटी जी लय ठरते ती दोघांपैकी कोणाचीच मूळची नसते. आज सोयीसाठी पहिलीला ‘ओढ’ म्हणू आणि दुसरीला ‘मेळ’.

मेळाची पहिली नोंद एका आजारी माणसाने केली आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स अंथरुणाला खिळला होता. समोर त्याने स्वतः तयार केलेली लंबकाची दोन घड्याळे एकाच आधाराला टांगलेली. जहाजावर रेखांश काढता यावेत म्हणून त्याने ती बनवली होती. पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आले की दोन्ही लंबक अगदी नेमके उलट हलताहेत. एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे. त्याने मुद्दाम त्यांची चाल मोडली, तर अर्ध्या तासात ते पुन्हा तसेच. आधी त्याला वाटले, लंबकांच्या हेलकाव्याने हवा हलते आणि ती हे काम करते. मग उलगडा झाला : ज्या लाकडी आधाराला ती टांगली होती तो डोळ्यांना दिसणार नाही इतका हलत होता. एकाची हालचाल लाकडातून दुसऱ्याकडे जात होती, दुसऱ्याची पहिल्याकडे. त्या खोलीत मुख्य घड्याळ असे कोणतेच नव्हते.

एक गोष्ट इथेच टिपून ठेवण्यासारखी आहे. ते लंबक एकाच वेळी एकाच बाजूला जात नव्हते, तरीही त्यांचा मेळ पक्का होता. ठोक्यांची संख्या जुळली आणि दोघांमधले अंतर कायम राहिले, की पुरे. ओढीतही तसेच. चंद्रामागून पाणी येते, पण नेमके चंद्राबरोबर येत नाही; पौर्णिमेचे उधाण पौर्णिमेलाच शिगेला पोचत नाही, एक-दोन दिवस उशिरा पोचते. ज्यांना ‘जुळणे’ म्हणजे ‘एकदम होणे’ असे वाटते त्यांची निम्मी गफलत इथे होते.

आता थोडा कडक निवाडा. भरती हे ओढीचे उदाहरण म्हणून सर्रास दिले जाते, आत्ता इथेही दिले, पण ते तितकेसे बरोबर नाही. भरतीची लय समुद्राची स्वतःची नाही. उद्या चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण नाहीसे झाले तर वारा-लाटा राहतील, पण दिवसातून दोनदा चढणारे पाणी थांबेल. ज्याला आपली लय नाही त्याची लय ओढली कशी जाणार? तो नुसता ढकलला जातो.

ओढीचे खरे उदाहरण त्याच खाडीच्या काठावर आहे. ओहोटी लागली की नायगावच्या चिखलावर एक नांगी भली मोठी असलेले छोटे खेकडे बाहेर पडतात. या जातकुळीचे खेकडे प्रयोगशाळेत नेऊन, एकसारख्या उजेडात आणि एकसारख्या तापमानात, भरती-ओहोटीपासून दूर ठेवून पाहिलेले आहेत. पाणी नाही, चंद्र नाही, तरी साडेबारा तासांच्या आसपासच्या अंतराने त्यांची हालचाल दिवसेंदिवस वाढत-उतरत राहते, आणि मग हळूहळू किनाऱ्यावरच्या भरतीपासून सरकत जाते. याचा अर्थ खेकड्याजवळ स्वतःचे घड्याळ आहे आणि रोजची भरती ते फक्त लावून देते. एकाच चिखलात पाणी ढकलले जाते आणि खेकडा ओढला जातो. फरक कळतो तो बाहेरचे बंद केल्यावर.

हीच कसोटी माणसाला लावता येते. त्यासाठी दिवसरात्र न कळणाऱ्या गुहेत जायला नको, रविवार पुरतो. सोमवार ते शनिवार पहाटेची विरार फास्ट गाठणारा माणूस रविवारी गजर न लावताही त्याच सुमाराला जागा होतो आणि स्वतःवरच वैतागतो. लोकलचे वेळापत्रक त्या दिवशी त्याला ओढत नसते, पण त्याचे शरीर आपली लय चालवत असते. चार-पाच दिवस सुट्टी मिळाली की मग ती लय उशिराकडे घसरू लागते. घसरते तीही उगाच नाही. १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी बाहेरच्या वेळेचा सुगावा लागणार नाही अशा व्यवस्थेत माणसे ठेवून मोजले, तेव्हा माणसाचे आतले घड्याळ सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचे निघाले. म्हणजे रोज दहा-अकरा मिनिटांचा उशीर ठरलेला. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरतो आणि तो उशीर भरून काढतो. सूर्य विरारकराला ओढतो. विरारकर कितीही उशिरा उठला तरी सूर्याला काही फरक पडत नाही. ओढ म्हणतात ती हीच.

पण त्याच माणसाच्या डोक्यात मेळही आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपक्याएवढा पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. त्यातल्या पेशी सुट्या करून बशीत वाढवल्या तर प्रत्येक आपापल्या चालीने चालते, कोणी चोवीस तासांच्या आत फेरी पुरी करते, कोणी बाहेर. एकत्र असल्या की एकमेकींना खुणा देत-घेत एका चालीवर येतात. त्यांच्यात मुकादम पेशी नाही. म्हणजे पुंजक्याच्या आत मेळ आणि पुंजक्यावर उजेडाची ओढ. दृष्टी पूर्ण गेलेल्या आणि उजेड अजिबात न पोचणाऱ्या अनेकांमध्ये ही बाहेरची ओढ तुटते. आतला मेळ मात्र शाबूत राहतो. म्हणून त्यांची झोप दर दिवशी थोडी पुढे सरकत सरकत काही आठवड्यांनी पुन्हा रात्रीवर येते. दोन संकल्पना वेगळ्या का ठेवायच्या, याचे याहून चांगले उत्तर वैद्यकात सापडणार नाही. एक बिघडली तर उपाय उजेडाचा किंवा औषधाच्या वेळेचा. दुसरी बिघडली तर प्रश्न पेशींमधल्या संवादाचा.

ओढीला मर्यादाही असते. १९३८ साली नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्याचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत महिनाभर राहिले आणि अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. विद्यार्थ्याला तो बऱ्यापैकी मानवला, गुरूच्या शरीराने दाद दिली नाही. पुढच्या काळातल्या प्रयोगांनी दाखवले की नेहमीच्या घरगुती उजेडाच्या जोरावर माणसाचे घड्याळ चोवीस तासांच्या फार पुढे-मागे नेता येत नाही.

इथे कोळ्याकडे परत येणे भाग आहे. वसई-अर्नाळ्याची डोल ही पिशवीसारखी जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून पाण्याच्या वेगावर सोडली जाते. बोंबील, करंदी, जवळा त्यात येतो तो प्रवाहाबरोबर. पाणी जोरात असेल तोवर जाळ्याचे तोंड उघडे. पाणी थांबले, फिरायला लागले, की जाळे उचलायचे. ती वेळ आज रात्री दोनला तर उद्या पावणेतीनला. भांगाच्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, जाळे नीट फुगत नाही. उधाणाला कामाची गर्दी. तेव्हा कोळ्याचे काम चंद्रावर चालते. शरीर? ते इतर सर्वांसारखे सूर्यावरच. रोजचा लख्ख उजेड चोवीस तासांवर ओढत असताना शरीर पन्नास मिनिटे उशिराच्या दिवसामागे जात नाही. खेकड्याला भरतीचे घड्याळ मिळालेले आहे, कोळ्याला नाही. ‘दर्यावर्दी माणसाच्या अंगातच भरती-ओहोटी असते’ हे ऐकायला गोड आहे, पण ते खरे नाही. पंधरा दिवसांतले काही दिवस तो झोप मोडून कामावर जातो, आणि मोडलेल्या झोपेची किंमत तोच मोजतो.

काजव्यांनी या विषयात सर्वांत मोठी गंमत केली आहे. भंडारदरा-पुरुषवाडीच्या बाजूला मृगाच्या तोंडावर काजवे पाहायला मुंबई-पुण्याहून झुंबड उडते. आग्नेय आशियातल्या खाड्यांच्या काठी तर अख्खे झाड एका क्षणी उजळते आणि एका क्षणी विझते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वृत्त युरोप-अमेरिकेत पोचले तेव्हा एका गृहस्थाने ‘बघणाऱ्याची पापणी लवत असेल’ असे छापूनसुद्धा टाकले. १९७१ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात न्यू गिनीच्या काजव्यावरचा एक शोधनिबंध आला. त्याच्या शीर्षकातच आजचे दोन्ही विषय शेजारी शेजारी बसले आहेत, काजव्यांचा आपसातला मेळ आणि कृत्रिम प्रकाशाने त्यांच्यावर घातलेली ओढ. काजवा तोच. समोर दुसरा काजवा असेल तर तो याचे पाहतो, हा त्याचे पाहतो. समोर प्रयोगकर्त्याचा उघडझाप करणारा दिवा असेल तर काजवा दिव्याचे पाहतो, दिवा कोणाचेच पाहत नाही. तेव्हा ओढ आणि मेळ हे काजव्याचे गुण नव्हेत. समोरचा तुमचे ऐकतो की नाही, यावर नाव ठरते.

ऐकण्याचा मुद्दा निघाला की संगीत आलेच. वसई-नालासोपाऱ्यातल्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी तबल्याचा रियाज चालला आहे अशी कल्पना करावी. तीनताल, सोळा मात्रा. पूर्वी अशा रियाजाला कोणीतरी हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे ताल मोजून देणारी पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, धरून बसत असे. आता फोनमध्ये लेहऱ्याचे अ‍ॅप आहे. लय ऐंशीवर लावली की ते पहाटेपर्यंत ऐंशीच वाजवील. मुलगा कायद्याचे पलटे करतो, एक तिहाई जराशी लांबते, समेवर अर्ध्या मात्रेने उशिरा येतो. अ‍ॅपची सम केव्हाच निघून गेलेली. त्याने पुन्हा अ‍ॅपला गाठायचे. रोज दोन तास असे केले तर हात लयीला पक्का होतो, यात शंका नाही. पण जे घडते ती निव्वळ ओढ आहे.

आता अ‍ॅप बंद करून हार्मोनियमवर माणूस बसवा. तिहाई लांबली तर तो समेचा स्वर केसभर ताणतो. मुलगा घाईला आला तर तो कधी सोबत जातो, कधी मुद्दाम जड हाताने वाजवून त्याला मागे खेचतो. मुलगाही ते ऐकून आवरतो. दर आवर्तनात दोघांमध्ये असा देवघेवीचा हिशेब चालू असतो. मैफलीत श्रोत्यांना सुखावतो तो हा हिशेब. केवळ अ‍ॅपवर तयार झालेला मुलगा पहिल्यांदा जिवंत लेहऱ्यावर बसला की गडबडतो, त्याचेही कारण यातच आहे. आजवर समोरचा कधी हलला नव्हता. आता हा त्याच्यासाठी थांबतो, तो याच्यासाठी थांबतो, आणि लय बसत जाते. दोन माणसांना एकमेकांचा आवाज ऐकवत बोटांनी ठेका धरायला लावण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांत हेच दिसले : दोघांपैकी कोणी पुढारी होत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागच्या ठोक्याप्रमाणे आपला पुढचा ठोका दुरुस्त करतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली तंतुवाद्यांच्या दोन चौकडींचा अभ्यास झाला. एका चौकडीत पहिला व्हायोलिनवादक स्वतः कमी सरकत होता आणि बाकीचे त्याच्याकडे. दुसरीत चौघेही सारखेच सरकत होते. ऐकणाऱ्याला दोन्ही वादने उत्तमच वाटली असती. म्हणजे ‘मेळ’ म्हणतो त्यातही कुठे थोडी ओढ मिसळलेली असते. प्रमाण मोजावे लागते.

आपल्याकडच्या तंबोऱ्यांनी तर कमालच केली. ख्यालगायनात गायकामागे दोन तंबोरे असतात. तंबोऱ्याला ताल नसतो, तो वाजवणाऱ्याने तालाकडे लक्ष देऊ नये अशीच शिकवण असते. मार्टिन क्लेटन या संशोधकाने हिंदुस्थानी मैफलीच्या चित्रफिती बारकाईने तपासून २००७ साली दाखवले की तंबोरा छेडणाऱ्यांचे हात नकळत एकमेकांशी नाते धरतात. कोणी ठरवलेले नाही, कोणाला कळलेलेही नाही.

ओढ आणि मेळ यांत एक फरक असा आहे की तो कानाला सहज पकडता येतो, तरी पुस्तकांत त्याच्यावर फारसे कोणी रेंगाळत नाही. विरार लोकलमध्ये भजनी मंडळींचा डबा असतो. टाळ आहेत, ढोलकी आहे, डब्याच्या पत्र्यावर हाताचा ठेका आहे. बोरिवलीला संथ चालीत सुरू झालेला अभंग वसई येईपर्यंत चांगलाच चढलेला असतो. लय कोणी वाढवली? कोणाही एकाला विचारा, तो म्हणेल, मी तर सगळ्यांबरोबरच होतो. ते खरेही आहे. मेळातली लय सगळ्यांची सामाईक मालमत्ता, म्हणून ती सरकू शकते. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या किंचित पुढे पडलेल्या ठोक्याला धरतो आणि अख्खा डबा पुढे जातो. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ साली हेच मोजून दाखवले : एकट्याने बोटाने ठेका धरला तर जेवढी लय वाढते त्याहून दोघांनी मिळून धरला तर जास्त वाढते. लेहऱ्याच्या अ‍ॅपवर असे होत नाही, होऊच शकत नाही. ओढणारा स्वतः सरकत नसेल तर लयही सरकत नाही.

मुंबईच्या घड्याळांचा इतिहास या नजरेने वाचण्यासारखा आहे. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. पुढे रेल्वे मद्रास वेळेवर चालू लागली, शहर मुंबईच्या स्थानिक वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तीही मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे पुढे. मुंबई महापालिका अडून बसली आणि मुंबईची जुनी वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. हा जर मेळाचा प्रकार असता तर दोन्ही पक्ष थोडे थोडे सरकून कुठेतरी मधे, समजा एकोणीस मिनिटांवर, भेटले असते. तसे कोणी सुचवले तरी असते का? ८२.५ अंश रेखांशाला मुंबईच्या गाऱ्हाण्याचे सोयरसुतक नव्हते. आजही मोबाइल दिवसभर दूरच्या सर्व्हरला विचारून आपली वेळ दुरुस्त करतो, सर्व्हर मोबाइलला काही विचारत नाही. तरी त्या क्रियेला संगणकवाले सिंक्रोनायझेशनच म्हणतात. नाव मेळाचे, काम ओढीचे.

मेळाचे सर्वांत भव्य उदाहरण मात्र आपल्या भिंतीतल्या प्लगमागे आहे, आणि त्याच्या गोष्टीतली दोन महत्त्वाची गावे महाराष्ट्रातली आहेत. आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथले असो की चंद्रपूरचे, कोयनेचे असो की गुजरातमधले, कोणतेही जनित्र ग्रिडला जोडायचे तर दाब जुळावा लागतो, वारंवारिता जुळावी लागते आणि विजेच्या लाटेची पावलेही. नियंत्रणकक्षात सिंक्रोस्कोप नावाचे उपकरण असते, घड्याळासारखी एकच सुई. नवे जनित्र किंचित वेगात असेल तर सुई सावकाश उजवीकडे फिरते. ती बाराच्या ठिकाणी येत असतानाच ब्रेकर लावायचा. चुकीच्या क्षणी लावला तर जनित्राच्या दांड्याला असा हिसका बसतो की तो मोडूही शकतो. एकदा जोडले गेले की मग पन्नास हर्ट्‌झच्या आसपास सारे देशभर एका पावलाने फिरतात. मागणी वाढली की सगळी मिळून केसभर मंदावतात, घटली की सगळी मिळून चढतात. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती लय ठेवण्यासाठी माणसे चोवीस तास बसलेली असतात. भजनाच्या डब्यासारखी ही लयही सामाईक असल्याने सरकते, म्हणून तर पहारा लागतो.

दक्षिणेचा ग्रिड फार काळ या मेळात नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला असे केंद्र उभे राहिले की जिथे पश्चिमेकडची वीज आधी एकदिश करतात आणि लगेच पुन्हा उलटसुलट करून दक्षिणेला देतात. वीज इकडून तिकडे जाते, पण लय जात नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचा, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचाही ग्रिड कोसळला. जनित्रांची पावले चुकली, एकामागून एक यंत्रणा सुटत गेली, साठ कोटींच्या आसपास लोकवस्ती अंधारात गेली. महाराष्ट्राचे दिवे वाचले ते पश्चिमेला जोडणाऱ्या वाहिन्या सुटल्यामुळे. दक्षिणेला तर तो हेलकावा पोचलाच नाही, कारण तिच्याशी मेळच नव्हता. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणही जोडली गेली आणि देशाची लय एक झाली. लाभ मोठा आहे : कोठे कमी पडले तर कोठूनही मदत येते. धोकाही त्याच तारेतून येतो. मेळात कोणीच परका नसतो, म्हणून एकाचा ठोका चुकला की तो सर्वांना लागतो.

याच ग्रिडच्या दुसऱ्या टोकाला वसईतल्या एखाद्या घराच्या गच्चीवरची सौर पॅनेल आहेत. त्यांचा इन्व्हर्टर महावितरणच्या तारेतली लय ऐकतो आणि तिच्यामागून चालतो. भर दुपारी, लख्ख उन्हात, वीज गेली की पॅनेलही बंद पडतात. ‘ऊन आहे, पॅनेल आहेत, मग पंखा का थांबला?’ हा प्रश्न बसवून देणाऱ्याला प्रत्येक घरात ऐकावा लागतो. उत्तर असे की साध्या इन्व्हर्टरला स्वतःची लय नाही. पुढे चालणारा थांबला की तो थांबतो, आणि तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी त्याने थांबावे असा नियमच आहे.

मग तारापूरचे ५४० मेगावॉटचे जनित्र ग्रिडशी मेळात आहे की ओढीत? शास्त्रशुद्ध उत्तर, मेळात. ग्रिड त्याला ओढतो तसा तोही ग्रिडला ओढतो. पण मे २०२४ मध्ये देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटला भिडली होती. त्यापुढे ५४० म्हणजे पाव टक्काही नाही. इंजिनिअर मंडळी म्हणूनच आकडेमोड करताना ग्रिडला अचल धरतात आणि जनित्राला ओढले जाणारे. दोन्हींमध्ये भिंत नाही. एक बाजू फार जड झाली की मेळ ओढीसारखा दिसू लागतो.

चंद्राचीही तीच कथा आहे. पृथ्वीच्या ओढीने तो केव्हाच अडकला, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. पण पृथ्वी अगदीच अलिप्त राहिली असे नाही. भरतीच्या घर्षणाने तिचे फिरणे कणाकणाने मंदावते आहे आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो आहे. वजनांत तफावत कमी असती तर काय झाले असते, हे प्लूटोकडे पाहून कळते. त्याचा उपग्रह शारॉन त्याच्या मानाने थोराड आहे, सुमारे ६.४ दिवसांत ते दोघे एकमेकांभोवती फिरतात आणि दोघांचीही एकच बाजू एकमेकांना दिसते. प्लूटोच्या ज्या बाजूला शारॉन दिसत नाही तिथे तो कधीच उगवत नाही.

भौतिकशास्त्राची अनेक पुस्तके दोन्ही प्रकारांना सिंक्रोनायझेशनच्या एकाच छत्राखाली घेतात आणि ओढीला ‘बाहेरच्या बळाने झालेले’ असे विशेषण लावतात. जीवशास्त्रवाले ओढीसाठी एन्ट्रेनमेंट हा शब्द काटेकोरपणे राखून ठेवतात. संगीताच्या अभ्यासकांमध्ये तो दोन्ही अर्थांनी चालतो. प्रस्तुत वक्त्याचा कौल जीवशास्त्राच्या बाजूने आहे. छत्री मोठी असायला हरकत नाही, पण तिच्याखाली कोण कोणाला ओढतो हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होऊ देऊ नये.

शेवटी इथल्या शाळा-कॉलेजांच्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. जेम्स पँटालिओनी या अमेरिकी प्राध्यापकाने २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या वर्गात करण्याजोगा आहे. किल्लीचे दोन मेट्रोनोम, एक हलकी फळी आणि शीतपेयाचे दोन रिकामे डबे एवढेच साहित्य. डबे आडवे ठेवून त्यांवर फळी ठेवावी, फळीवर मेट्रोनोम, दोन्हींची गती मिनिटाला २०८ ठोक्यांवर, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी सुरू करावेत. थोड्या वेळाने ते एकत्र येतील, हा मेळ. मग एक मेट्रोनोम उतरवून ठेवावा आणि फळी हाताने किंवा छोट्या मोटरने त्या गतीच्या थोड्या पुढे-मागे डोलवावी. उरलेला मेट्रोनोम फळीच्या मागे येईल, ही ओढ. किती पुढे-मागे नेले की तो साथ सोडतो, तो आकडा मुलांनी वहीत लिहावा, आणि वेगवेगळ्या वर्गांनी आपापले आकडे शेजारी ठेवून ताडून पाहावेत.